लाडकीवरची हिरवी रेघ

धाकटीने काचेची नळी यंत्रात ठेवली, झाकण लावलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. यंत्राला तिच्या डोळ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याने आपलं 'टिक' केलं आणि आकडा दाखवला. धाकटीने आधी एक डोळा किलकिला केला, मग दुसरा उघडला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"गळतेय?" शेजारच्या टेबलावरून थंडोबाने विचारलं.

"गळतेय."

"परत?"

"परत! आणि सकाळपेक्षा जास्त. झालं समाधान?"

"मला कसलं समाधान?" थंडोबा आपल्या नळीवरून नजर न काढता म्हणाला. "तुझी नको तेव्हा गळते, माझी हवी तेव्हा उघडत नाही. दोन्हींची मोट बांधली तर एक धड काहीतरी तयार होईल."

थंडोबा हे नाव त्याला त्या प्रयोगशाळेत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. धोक्याची घंटा वाजली की बाकीचे जिन्याकडे पळायचे आणि हा खुर्ची नीट आत सरकवून मग निघायचा. घंटा खोटी होती हे नंतर कळलं म्हणून ठीक. पण माणूस मनाने सोन्यासारखा, आणि कामात चोख.

आता गळतंय काय आणि उघडत नाही काय, हे आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढे एवढी धावाधाव का झाली ते कळेल.

कर्करोगावरचं औषध जालीम असतं. ते जालीम असावंच लागतं, कारण ज्या पेशींना मारायचं त्या हट्टी असतात. पण शिरेतून औषध आत सोडलं की ते रक्ताबरोबर गावभर फिरतं. गाठीपर्यंत पोचतं, तसं केसांच्या मुळाशी पोचतं, तोंडातल्या नाजूक सालीशी पोचतं, पोटात पोचतं. चोर एका घरात आणि झडती साऱ्या गावाची, अशी गत. मग केस गळतात, तोंड येतं, खाल्लेलं पोटात राहत नाही.

धाकटी आणि थंडोबा जे बनवत होते ती होती पुडी. औषध आत घालून बंद करायची पुडी. पण ही पुडी कागदाची नव्हे, स्निग्ध पदार्थाच्या पातळ सालीची, आणि साबणाच्या फुग्यासारखी गोल. आणि लहान किती? एका केसाच्या जाडीत शेकडो पुड्या शेजारीशेजारी मावतील इतकी. गाठीला जगायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःसाठी घाईघाईत रक्तवाहिन्या बांधून घेते. घाईचं काम नेहमी फटींचं. निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून पुडी बाहेर पडू शकत नाही, पण गाठीच्या त्या फटींतून ती आत शिरू शकते. एवढ्यावर ती थांबत नाही. धाकटीच्या पुडीची साल अशी केलेली होती की शरीराच्या नेहमीच्या उबेला ती घट्ट राहावी, आणि त्याहून जराशी जास्त ऊब मिळाली की लोण्यासारखी मऊ होऊन उघडावी. गाठीची तेवढीच जागा बाहेरून हलकी गरम करायची, की पुडी तिथेच उघडेल. बाकी गावाला पत्ताही लागणार नाही.

हे सगळं कागदावर फार सुंदर दिसतं. नळीत मात्र पुडी गळत होती.

गळते आहे हे कळायचं कसं? त्यासाठी चाचणीत पुडीमध्ये औषधाऐवजी एक चमकता रंग भरत. या रंगाची गंमत अशी की दाटीवाटीने कोंबला की तो चमकत नाही. खोलीत इतकी मुलं कोंबली की कोणालाच हात हलवता येत नाही, तसं. तीच मुलं अंगणात सोडा, मग बघा हातवारे! पुडी बंद असेल तोवर नळी काळोखी. रंग बाहेर पडला की निळ्या उजेडात हिरवीगार चमकते. जितकी चमक, तितकी गळती. चमक यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं.

धाकटीच्या नळ्या शरीराइतक्या कोमट पाण्याच्या टाकीत ठेवल्या की चमकू लागायच्या. सुरुवातीला थोड्या, मग वाढत वाढत. अगदी मडकं पाझरावं तशा.

आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की गळत होती ती तिची लाडकी. धाकटीने सालीच्या कितीतरी पाककृती करून पाहिल्या होत्या. त्यातल्या एकीवर तिचा जीव जडला. पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा ती तासन्‌तास घट्ट बंद राहिली होती आणि ऊब देताच झटक्यात उघडली होती. त्या दिवशी धाकटी प्रयोगशाळेत उड्या मारत होती. पण तिला लाडकी ठरवली आणि त्यानंतर तिने एकदाही धड वागून दाखवलं नाही.

"नजर लागली," थंडोबा म्हणायचा.

"कोणाची?"

"तुझीच. दुसरं कोण बघतं तिच्याकडे?"

धाकटीने साल जाड केली, पातळ केली, पाणी बदललं, रंग बदलला. इतर पाककृती कशाबशा चालायच्या. लाडकी मात्र हमखास गळायची.

मोठ्या बाई आत आल्या. प्रयोगशाळा त्यांची. उंचीने बेताच्या, पण त्या आत आल्या की उंच माणसं जरा वाकून उभी राहायची.

"काय म्हणतेय?"

धाकटीने आकडा दाखवला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, जवळून पाहिला, आणि चष्मा परत खाली आणला. एवढ्या वेळात त्यांचं ठरलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, आणि आवाज मुद्दाम मऊ केला, हे धाकटीला जास्तच लागलं. "उंदरांवर चाचणी करणाऱ्या संस्थेची गाडी आज पाचला येतेय. त्यांच्याकडे आपली पाळी आज आहे. चुकली तर पुढची कधी मिळेल, देव जाणे. एकच नमुना पाठवता येतो. थंडोबाचा निदान गळत तरी नाही."

"पण तो उघडतही नाही, बाई! न उघडणारी पुडी कितीही घट्ट असली तरी तिचा काय उपयोग?"

"उपयोग कमी. पण गळकी पुडी म्हणजे धोका. जालीम औषध भरलेली गळकी पुडी कोणाच्या शिरेत सोडशील तू?"

धाकटीने यंत्रातली नळी काढून स्टँडमध्ये ठेवली.

"जो नमुना जाईल त्याचंच काम पुढे चालेल," बाई म्हणाल्या. "दुसरं आपण बंद करू. तू थंडोबाला मदत कर. जेवून ये आधी. तोंड बघ केवढंसं झालंय."

*

धाकटी जेवायला गेली नाही. ती ताईच्या दुकानात गेली.

ताई तिची थोरली बहीण, आणि दोन गल्ल्या पलीकडे तिचं केस कापण्याचं, नखं रंगवण्याचं छोटं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, नखं वाळवायचा पेटीसारखा दिवा, आणि कोपऱ्यात कधीही न फुलणारं एक झाड. ताईला गेल्या उन्हाळ्यात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली आणि आता ते जालीम लाल औषध चालू होतं. औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर ती काही दिवस अंथरुणातून उठत नसे. मग जरा बरं वाटलं की तरतरीत होऊन दुकान उघडून बसे. उद्या पुढची फेरी होती.

"ये गं, शास्त्रज्ञ!" ताईने आरशातूनच हाक मारली. डोक्याला पिवळा रुमाल बांधलेला, भुवया पेन्सिलने रेखलेल्या आणि एक दुसरीहून जरा आश्चर्यचकित. खुर्चीत केसांना रंग लावून बसलेल्या एक काकू होत्या. "बघा काकू, ही माझी धाकटी. केसाच्या जाडीत मावतील एवढ्या पुड्या बनवते. मी म्हटलं, मला दाखव मोजून. तर केस कुठाय म्हणते!"

"काहीतरीच काय!" हसावं की नाही या पेचात काकू पडल्या.

"मी असं कधीच म्हटलं नाही," धाकटी म्हणाली.

"मनात म्हटलंस. केस कापणारीच टकली, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? लोक म्हणतात, हिने स्वतःवरच किती सराव केलाय बघा."

धाकटी दरवेळी हसायची. आज तिला हसू आलं नाही. तिने मुकाट्याने ताईच्या गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि काउंटरवर मांडल्या. फेरीच्या आदल्या दिवशी हे काम तिचं. सकाळी घ्यायच्या पट्टीवर ती हिरव्या पेनाची जाड रेघ ओढायची. तेच चमकदार हिरवं पेन, ज्याने शाळेत असताना ती पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळी रंगवायची. ते तिच्या खिशात कायम असे. शाळेच्या दिवसांपासूनची खोड. महत्त्वाचं ते हिरवं.

काउंटर ओला होता. रेघ फिसकटली आणि बोटांना लागली. तिने बोटं रुमालाला पुसली.

"काय झालं?" ताईचा सूर बदलला होता.

"लाडकी गेली. आज पाचला थंडोबाची पुडी जाणार. माझ्या पुडीचं काम बंद."

 ताईने काकूंच्या डोक्यावर टोपी चढवली, हात धुतले आणि समोरचं स्टूल ओढलं. "बस. हात दे इकडे."

"ताई, मला वेळ नाही."

"वेळ नाही म्हणणाऱ्यांची नखं बघ. कुरतडलीयेस नुसती. बस म्हणते ना! रडायचं तर रड, पण हात स्थिर ठेव."

धाकटी बसली. ताईच्या बोटांना औषधाने मुंग्या येत असत, तरी तिचा कुंचला एका रेषेत चालत होता. डाव्या हाताची पाचही नखं लालचुटुक झाली.

"मला सांग," ताई कुंचला पुसत म्हणाली, "तुझी ती लाडकी चांगली निघाली असती तर मला मिळाली असती का?"

धाकटीने मान हलवली. बहिणीशी ती खोटं बोलत नसे. "नाही. उंदीर, मग आणखी चाचण्या, मग माणसं. कितीतरी वर्षं जातात. आणि त्यातूनही बहुतेक पुड्या वाटेतच बाद होतात."

"बरं झालं. म्हणजे मला काही उशीर होत नाहीये." ताईने तिचा हात धरून दिव्याच्या पेटीत सरकवला. "पण कोणाला तरी मिळाली असती. कोणीतरी बाई दुकानात बसून स्वतःच्या केसांना कंगवा करत करत औषध घेत असती. ते चित्र मला आवडलं होतं. हलू नकोस."

तिने बटण दाबलं. पेटीत जांभळा-निळा उजेड पडला.

आणि धाकटीची बोटं चमकली.

नखं नव्हेत, बोटं. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, त्यांच्या पेरांवर आणि घड्यांत हिरव्या आगीसारखी चमक. साध्या उजेडात तिथे काहीच दिसत नव्हतं. तिने तर पुसून टाकलं होतं!

"ई!" काकू टोपीखालून वाकून म्हणाल्या. "हे काय लावलंय हिने?"

धाकटीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की प्रयोगशाळेतला रंग लागला. पण तिथे ती कायम हातमोजे घालते. तो रंग तिच्या कातडीला कधी शिवलाच नाही. मग तिने उजव्या हाताने गोळ्यांची पट्टी उचलली आणि तीही पेटीत धरली.

पट्टी अशी भडकली की ताई मागे सरकली.

"पेन," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "ताई, हे पेन!"

"हो गं, पेनच आहे. मग?"

"मी ह्याच पेनाने..." ती उठून उभी राहिली आणि स्टूल मागच्या मागे कोसळलं. "माझ्या नळ्यांना कागदी चिठ्ठी असते. लाडकीच्या चिठ्ठीवर मी हिरवी रेघ ओढते. फक्त लाडकीच्या! महत्त्वाची म्हणून! मग ती नळी जाते पाण्यात. कोमट पाण्यात, ताई! तासन्‌तास!"

"रेघ विरघळते," ताई हळूच म्हणाली.

"विरघळते, काचेवर ओघळते, आणि यंत्रात ठेवण्याआधी मी नळी पुसते. पुसते कसली, सारवते! जितका वेळ पाण्यात, तितकी शाई जास्त. जितकी शाई, तितकी चमक. म्हणून ती वाढत जाते!" तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला, त्यामुळे कपाळावर एक लाल नख उमटलं. "मी पुडीची गळती मोजतच नव्हते. मी माझं पेन मोजत होते! पहिल्यांदा ती नीट चालली, कारण तेव्हा ती लाडकी नव्हती. तेव्हा रेघच नव्हती!"

"काखेत कळसा," काकू म्हणाल्या.

"कळसा नव्हे काकू, खिशात पेन!" ताई ओरडली, कारण आता तिलाही राहवत नव्हतं. "अगं उभी काय? पाचला गाडी ना? पळ!"

"पण ताई, खात्री नाही. कदाचित ती खरीच गळत असेल, आणि वरून पेनही..."

"इथे उभं राहून कळणार आहे का? पळ म्हणते ना!"

धाकटीने धूम ठोकली. एका हाताची नखं लाल, कपाळावर लाल ठसा आणि मुठीत गोळ्यांची पट्टी. कोपऱ्यावर ती एका सायकलवाल्याच्या समोर आली. त्याने दिलेली शिवी तिने धन्यवाद म्हणून स्वीकारली.

*

"बाई! टाकी! दिवे बंद करा!"

मोठ्या बाई थंडोबाच्या नमुन्याची पेटी बर्फात बसवत होत्या. त्यांनी मान वर केली. "कपाळाला काय झालं तुझ्या?"

"नखाचा रंग आहे. बाई, दिवे! निळा दिवा कुठाय?"

थंडोबाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता उठून खोलीचे दिवे मालवले. पडदे ओढले. धाकटीने निळा दिवा कोमट पाण्याच्या टाकीवर धरला.

सगळं पाणी हिरवं होतं.

एखादी नळी नव्हे, सगळी टाकी. मंद, समान, तळ्यात चांदणं पडावं तशी. आणि लाडकीच्या नळ्यांवर हिरवे ओघळ लख्ख दिसत होते, वरून खाली, चिठ्ठीपासून बुडापर्यंत. धाकटीने पट्टी पाण्याशेजारी धरली. तीच हिरवी चमक.

"पेन," ती म्हणाली.

 अंधारात बाईंचा आवाज आला. "साप साप म्हणून भुई धोपटली की गं आपण."

"मी धोपटली, बाई."

"तू एकटीने? आकडे मी नाही का पाहिले? चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवायला निघाले होते मी." आणि मग बाई हसायला लागल्या. त्यांना कोणी तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. "पेन! एवढं यंत्र, एवढी शहाणी माणसं, आणि आम्ही आपली पेनाची गळती सालीत शोधतोय!"

"माझ्या नळ्यांना काही झालं नाही," थंडोबा म्हणाला.

"कारण तू त्या धातूच्या कोरड्या ठोकळ्यात तापवतोस," धाकटी म्हणाली.

"पाण्यात ठेवलं की ओलं होतं," थंडोबा म्हणाला. हे तो नेहमीच म्हणत असे. आज पहिल्यांदा त्यात अर्थ होता.

बाईंनी दिवे लावले, डोळे पुसले आणि क्षणात पूर्वीच्या बाई झाल्या. "पेनाने घोळ केला, हे सिद्ध झालं. तुझी पुडी घट्ट आहे, हे नाही झालं. एखाद्यावर खोटा आळ आला म्हणून तो लगेच साधू ठरत नाही. नव्या नळ्या घे. चिठ्ठी नको, काचेवर साध्या पेन्सिलीची खूण. रक्तातलं पिवळं पाणी घाल, शरीराची ऊब दे. कोरड्या ठोकळ्यात. गाडी यायच्या आत मला आकडा हवा."

"आणि ते पेन?"

बाईंनी हात पुढे केला. धाकटीने पेन दिलं. बाईंनी ते आपल्या खोलीत नेलं आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली, जणू विष होतं.

धाकटीने नळ्या भरल्या. घाईत काही सांडू नये म्हणून थंडोबाने नळ्या धरल्या. तो असा स्थिर होता की झाड समजून पाखराने त्याच्या हातात घरटं बांधलं असतं. नळ्या ठोकळ्यात गेल्या. आता वाट पाहायची. वाट पाहण्याइतकं कठीण काम कोणत्याच प्रयोगात नसतं, आणि ते कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

पहिला आकडा. जवळपास शून्य.

"लवकर आहे अजून," बाई म्हणाल्या. पण त्या आपल्या खोलीत परत गेल्या नाहीत. तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

दुसरा आकडा. तोच.

धाकटीच्या पोटात कावळे ओरडत होते. ती जेवलीच नव्हती. थंडोबाने आपल्या डब्यातली पोळी तिच्यासमोर ठेवली. बाईंनी डोळे वटारले, कारण प्रयोगशाळेत खायला सक्त मनाई होती. मग तिघंही दाराबाहेर जिन्यात उभी राहिली आणि धाकटीने ती पोळी दोन घासांत संपवली.

"तिसरा," आत येत बाई म्हणाल्या. "आता मी वाचते."

बाईंनी नळी यंत्रात ठेवली. टिक. चष्मा कपाळावर. चष्मा खाली. परत कपाळावर.

"बाई?"

"काळोख," बाई म्हणाल्या. "मिट्ट काळोख."

काळोख मिळाला म्हणून इतका आनंद कोणाला झालेला नसेल. धाकटी थंडोबाच्या गळ्यात पडली आणि तो आत सरकवलेल्या खुर्चीसारखा अवघडून उभा राहिला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बंद राहते, हे झालं. आता उघडते का? घट्ट तर थंडोबाचीही आहे."

दिवे पुन्हा मालवले. निळ्या दिव्यासमोर, पुढून उघड्या ठोकळ्यात, दोन नळ्या उभ्या केल्या, डावीकडे थंडोबाची आणि उजवीकडे लाडकी. दोन्ही काळ्या. बाईंनी ठोकळ्याची ऊब वाढवली. फार नाही, तापाने अंग फणफणावं एवढीच. तिघांच्या डोक्यांनी त्या नळ्यांभोवती कोंडाळं केलं.



मग उजव्या नळीत, तळाशी, एक हिरवी कड उमटली. कड वर चढली. आणि पुढचा श्वास घेण्याआधी अख्खी नळी पेटली. ही चमक काचेवरची ओघळलेली नव्हती. ही आतली होती, भरीव, काठोकाठ. हिरवा उजेड बाईंच्या चष्म्यात पडला, थंडोबाच्या हनुवटीवर पडला, धाकटीच्या लाल नखांवर पडला.

"अगं बाई!" मोठ्या बाई म्हणाल्या.

डावी नळी काळीच राहिली. थंडोबाने तिच्याकडे ममतेने पाहिलं. "जसा बाप तशी लेक," तो म्हणाला. "काही केल्या तापत नाही."

आणि नेमका तेव्हाच खाली गाडीचा भोंगा वाजला.

तिघंही दचकली. खरा नमुना, रंगाऐवजी औषध भरलेली लाडकी, अजून शीतकपाटात होती. बर्फाच्या पेटीत होता थंडोबाचा. बाई पेटी उघडायला धावल्या, धाकटी कपाटाकडे धावली.

"पेटी भरून व्हायची नाही तेवढ्यात! तो ड्रायव्हर थांबत नाही कोणासाठी," बाई ओरडल्या. "कोणीतरी थांबवा त्याला!"

आणि थंडोबा पळाला. खुर्ची आत न सरकवता पळाला. खुर्ची गोल फिरत भिंतीवर आपटली. जिन्यावरून त्याच्या पावलांचा धडधड आवाज गेला आणि मग खिडकीतून त्याचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा: "ओ भाऊ! थांबा! बदललंय! दुसरी न्यायचीये! तिची न्यायचीये!"

*

संध्याकाळी गोळ्यांची पट्टी परत घेऊन धाकटी दुकानात शिरली तेव्हा ताई झाडलोट करत होती. काकू गेल्या होत्या. पडलेलं स्टूल कोणीतरी सरळ उभं केलं होतं.

ताईने झाडू भिंतीला टेकवला. ती धाकटीकडे बघत राहिली. पेन्सिलीची एक भुवई दुसरीहून वर, दिवसभर होती तशीच आश्चर्यचकित.

"गेली," धाकटी म्हणाली. "लाडकी गेली उंदरांकडे. बंदही राहते, उघडतेही. ताई, इतकी चमकली ना..."  ती हातांनीच दाखवू लागली, किती, कशी.

"रडतेस काय? दुपारी रडायचं तेव्हा रडली नाहीस." ताईने रुमालाने तिचं कपाळ खसाखसा पुसलं. लाल डाग काही निघाला नाही. "आता उंदीर काय म्हणतात ते कळायला वेळ लागेल?"

"लागेल. आणि ते काहीही म्हणू शकतात."

"म्हणू देत. उद्या मी तिथे लाल बाटली लावून पडेन ना, तेव्हा मला सगळं पुन्हा सांग. पहिल्यापासून. त्या थंडोबाच्या पळण्यासकट. बाजूच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जाईल असं मोठ्याने सांग." तिने दिव्याचं बटण दाबलं. पेटीत निळा उजेड पडला. "चल, बस. दुसरा हात राहिलाय."

धाकटीने उजवा हात पुढे केला. त्याच्याही बोटांवर हिरवं चांदणं पसरलेलं होतं. ताईने कुंचला बाटलीत बुडवला, आणि त्या उजेडातच एकेक नख रंगवायला घेतलं.